वैशाखातले पायमोजे

"येशे, खंडूला कधी इचारू नको, दुखतंय का म्हनून. तो नायच म्हनल. तू आपली त्याचे पाय बघ. उजवा आंगठा आत वळला की समज, गड्याला सोसवंना झालंय."

सासू सगुणाबाईंनी हे सांगितलं तेव्हा यशोदाबाई नव्या नवरी होत्या आणि सिन्नरच्या घरात त्यांच्याशेजारी बसून भाकरी थापत होत्या. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी घातलेल्या पाटल्या लेकीच्या लग्नात मोडल्या, पण हे बोलणं काही यशोदाबाईंनी मोडलं नाही. नवऱ्याला त्यांनी कधी विचारलं नाही. अंगावरचं पांघरूण नीट करायच्या निमित्तानं पायांकडे पाहायचं, बस्स.

खंडेरावांचा उभा जन्म नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात लेथपुढे उभं राहण्यात गेला. निवृत्तीत मिळालेली शाल पेटीत राहिली आणि कंबरदुखी अंगाला चिकटली. अंगठा आत वळायला लागला. यशोदाबाईंनी तोंडानं चकार शब्द काढला नाही, देवापुढे मात्र एकेक गोष्ट ठेवत गेल्या. आधी चहा सोडला. अंगठा सुटेना, तेव्हा रात्रीच्या जेवणातलं मीठ सोडलं. तरी सुटेना, तेव्हा समईपुढे हात जोडून म्हणाल्या, "रामराया, यांच्या कंबरेला आराम पडेपर्यंत मी पलंगावर अंग टेकणार नाही." आणि पलंगाच्या पायथ्याशी चटई अंथरली.

त्यानंतर, भर वैशाखात, खंडेराव झोपताना पायमोजे घालायला लागले.

आता नाशिकचा वैशाख काही थंड हवेचा नव्हे. लोक गच्चीवर पाणी मारून झोपतात. "पायांना फॅनचं वारं लागतं," असं खंडेराव म्हणाले. यशोदाबाई "बरं" म्हणाल्या, पण मनात पाल चुकचुकली. बोटाला जखम झाली असेल? साखर निघाली असेल आणि लपवत असतील? धुवायला पडलेले मोजे त्यांनी उलटे करकरून पाहिले. ना रक्त, ना पू. जखम सापडली असती तर निदान कारण तरी कळलं असतं. न सापडल्यानं संशय आणखीच फोफावला.

त्यात लेक वैष्णवी अप्पांना डॉक्टरांकडे नेऊन आली. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम करा, झोपायची गादी बदला, तीन महिने बघू, नाहीतर ऑपरेशन. गादीही साधी नको, कडकपणा कमी-जास्त करता येईल अशी घ्या, म्हणजे अंगाला काय मानवतं ते कळेल.

"कमी-जास्त होणारी गादी?" यशोदाबाई म्हणाल्या. "म्हणजे रोज वेगळी? माणसाचा भरवसा नाही, आता गादीचाही नको?"

"आई, तू बघ तरी आधी."

कॉलेज रोडवरच्या त्या दुकानात पाऊल ठेवताच यशोदाबाईंना आणखी एक संशय आला. सगळीकडे पांढऱ्या चादरी, गारठा, मंद दिवे आणि कुजबुजत बोलणारी माणसं. मालाची विक्री अशी दबक्या आवाजात कशाला करायची? दिनेश नावाचा विक्रेता पुढे आला. अत्तराचा घमघमाट आणि हातात रिमोट.

"काकू, आत हवेच्या पिशव्या आहेत आणि खाली पंप. आकडा वाढवला की गादी कडक, कमी केला की मऊ. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. काकांचं काकांपाशी, तुमचं तुमच्यापाशी."

"माझं काही नाही," यशोदाबाई हळूच म्हणाल्या. "उत्तर कुठल्या बाजूला आहे?"

"काय?"

"उत्तर दिशा. उशी कुठे ठेवलीये ते बघतेय."

दिनेशनं मोबाइलवर होकायंत्र काढलं. उशी नेमकी उत्तरेला निघाली. यशोदाबाईंचा चेहरा बघून खंडेराव हसले. "उत्तरेला डोकं, अंगाखाली पांढरी चादर. नुसतं पाणी पाजायचं राहिलंय."

"अहो, तिन्हीसांजेला काहीतरी बोलू नका."

दिनेशनं निमूट उशी फिरवली. खंडेराव कठड्याला धरून, दातओठ खात आडवे झाले. वैष्णवीनं त्यांचे बूट काढले. मोजे तसेच राहिले.

"कंबरेच्या माणसानं कडक झोपावं," खंडेरावांनी फर्मान काढलं. "आमच्या बाबांनी फळीवर दिवस काढले. लाव सगळ्यात वरचा आकडा."

पंप घुर्र वाजला. "कसं वाटतंय काका?"

"झकास."

"थोडं कमी करतो. आता?"

"हेही झकास."

"अजून उतरवतो."

"वा! कापूस!"

यशोदाबाई उशाशी उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांची नजर त्या पोराच्या रिमोटवरच्या अंगठ्यावर खिळली होती. हा खरंच काही बदलतोय, की नुसतंच घुर्र वाजवतोय? त्यांनी भाकरीचं पीठ पाहावं तसं गादीत चार बोटं रोवून पाहिलं. गादी खरंच मऊ झाली होती. म्हणजे पोरगा खोटा नव्हता.

"आता परत वाढवतो हं काका," दिनेश म्हणाला.

"हां! आता जमलं! हाच आकडा पक्का कर," खंडेराव म्हणाले.

दिनेशनं ओशाळून वैष्णवीकडे पाहिलं. "ताई, मी अजून बटण दाबलेलंच नाही."

वैष्णवी फस्सकन हसली. यशोदाबाई हसल्या नाहीत. इतका वेळ त्या पंपावर, रिमोटवर, परक्या पोरावर संशय घेत होत्या आणि लबाडी गादीवर आडवी पडली होती. त्या मुकाट्यानं पायथ्याशी गेल्या.

"अहो, मोजे काढते."

खंडेरावांनी झटक्यात पाय आखडले. कंबरेतून कळ गेली असणार. ओठ आवळले गेले. "नको. इथे एसी आहे."

"घरी फॅन, इथे एसी. ऊन कुठे लागतं तुमच्या पायांना?"

"अगं, लोकांत काय हे!"

"मग मला सांगा, मोज्यात काय आहे?"

यशोदाबाईंचा आवाज कधी चढत नसे. आत्ताही चढला नाही, पण खंडेरावांना तो पुरला. त्यांनी छताकडे पाहिलं.

"तू अंगठा बघतेस ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "आईनं तुला सांगितलं तेव्हा मी पलीकडे ओसरीवरच होतो. इतकी वर्षं बघू दिलं. पण आता माझा अंगठा वळला की तू काहीतरी सोडतेस. चहा गेला, मीठ गेलं, पलंग गेला. कंबर माझी दुखते आणि झिजतेस तू. मागच्या महिन्यात ओट्यापाशी घेरी येऊन बसलीस, ते मला दिसलं नाही असं वाटलं तुला? उद्या पाणी सोडशील. म्हणून झाकला."

दिनेश रिमोट घेऊन दोन पलंग लांब गेला आणि तिथली चादर उगाच झटकू लागला.

यशोदाबाईंना कळलं, आपण ज्याच्यासाठी देवापुढे हात जोडले, तोच माणूस आपल्याच हातांना भ्याला होता. त्या पलंगाच्या कडेवर टेकणार होत्या, पण व्रत आठवून उभ्याच राहिल्या. खंडेरावांच्या नजरेतून तेही सुटलं नाही.

"मोजे काढ," ते म्हणाले. "पण तू चटई गुंडाळायची. मीठही खायचं."

"देवाला दिलेला शब्द आहे तो."

"आराम पडेपर्यंतचाच ना? का तू मनातल्या मनात मुदत वाढवून घेतलीस?"

"आराम पडू दे खरंच. मग उद्यापन करीन. लगेच."

"वैष्णवी, साक्षीला आहेस ना गं?"

"आहे, अप्पा. यांना सांगून लेखी घेऊ का?" तिनं दिनेशकडे बोट दाखवलं. तो बिचारा दचकला.

मोजे उतरले. उजवा अंगठा आत वळलेला, तळव्याला खुपसलेला. यशोदाबाई त्याच्यापुढे देवळातल्यासारख्या हात जोडून उभ्या राहिल्या आणि दिनेशला म्हणाल्या, "बाळा, आता काकांना काही विचारू नकोस. अगदी सावकाश उतरव."

सगळ्यात वरच्या आकड्याला अंगठा मुठीसारखा. थोडं उतरवलं, तरी तसाच. वैष्णवीनं डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे अप्पांच्या कंबरेखाली हात सरकवून पाहिला. हात सहज आरपार जात होता, म्हणजे कंबर अधांतरी होती. आणखी उतरवलं. मधल्या आकड्याच्या जरा खाली आल्यावर हात अडकू लागला, आणि अंगठा दार किलकिलं व्हावं तसा हळूच वर आला. आणखी खाली नेल्यावर कंबर खड्ड्यात गेली आणि तो पुन्हा वळला.

"मागे घे," यशोदाबाई म्हणाल्या. "तिथेच."

"इतकी मऊ?" खंडेराव कुरकुरले. "सातपूरला कळलं तर हसतील मला."

"सातपूर येणार आहे का आपल्या पलंगावर?"

गादी घरी आली, बसवून झाली. जेवण करून खंडेराव दुपारचे आडवे झाले, उघड्या पायांनी. यशोदाबाईंनी दारातून पाहिलं. अंगठा सुटा होता. पण त्यांचा विश्वास बसेना. जागा माणूस अंगठ्यालाही पढवू शकतो. दुकानात सुटला तोही कदाचित आपल्या मिठासाठी सुटला असेल. त्यांनी रिमोट उचलून तांदळाच्या डब्यात ठेवला. मर्दुमकीच्या भरात यांनी वरचा आकडा लावायला नको. मग दाराशी पोथी घेऊन बसल्या.

घोरणं सुरू झालं. हेही सोंग असू शकेल. "चहा टाकू?" त्यांनी पुटपुटून विचारलं. चहाला नाही म्हणणारे खंडेराव नव्हेत. उत्तर आलं नाही. कूस वळली, एरवी जिथे झोपेतही कण्हणं यायचं तिथे नुसता लांब श्वास आला. त्या पायथ्याशी गेल्या, वाकल्या. अंगठा पोराच्या पायाच्या अंगठ्यासारखा बाहेर कलला होता. त्यांनी पदराचं टोक त्याला अलगद लावलं. तो हलला नाही, वळला नाही.

ऊन कलेपर्यंत त्या बघत बसल्या. अंगठा तसाच होता.

मग त्यांनी चटई गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि कपाटामागे उभी केली. देवघरातला नारळ पिशवीत घातला, वर हळदकुंकवाची पुडी ठेवली. पानात वाढायच्या मिठाची वाटी ओट्यावर आपल्या ताटाच्या जागी काढून ठेवली, संध्याकाळसाठी. मोजे खुर्चीवर पडले होते. ते मात्र धुवायला टाकले, पुन्हा एकदा उलटे करून बघून.

चपला वाजू नयेत म्हणून त्या हातात घेऊन त्यांनी दार ओढून घेतलं, जिना उतरल्या आणि पंचवटीतल्या रामाच्या देवळाकडे जाणाऱ्या रिक्षेसाठी नाक्याकडे चालू लागल्या.