घुमटातून आलेली हाक

पाहुण्यांना नाट्यगृह दाखवताना ती रोज तोच किस्सा सांगायची आणि लोक रोज हसायचे.

"बांधणाऱ्यानं रंगमंचापुढे वादकांसाठी खोल खड्डा ठेवला. वरून यंत्रानं खाली-वर होणारं फळ्यांचं झाकण. पण खड्ड्यातला आवाज फटींतून निसटतो, घुमटाला लागतो आणि वरूनच आल्यासारखा ऐकू येतो. पहिल्या प्रयोगाला संवाद आठवून देणारा माणूस याच खड्ड्यात बसवला होता. नट अडखळला, यानं कुजबुजून सांगितलं, आणि नायकाच्या आधी घुमटानंच नायिकेला मागणी घातली!"

आजही लोक हसले. हसू ओसरल्यावर ती वळली, तर लेक जागेवर नव्हती.

पाळणाघर बंद, म्हणून आज मुंगीला सोबत आणलेलं. पहिल्या रांगेत बिस्किट देऊन बसवलं होतं. खुर्चीवर आता नुसता चुरा.

"मुंगे?"

"आई!"

हाक वरून आली, थेट घुमटातून. तिनं झटकन मान वर केली. वर दिव्यांच्या कामासाठी अरुंद फळी टाकलेली. कठड्याच्या नावानं एक दोरी.

"अहो, शिडीचं दार मीच उघडं टाकलं!" दिवेवाला ओरडला आणि शिडीकडे धावत सुटला.

"सोन्या, हलू नकोस हं! खाली बघू नकोस!" तिनं दोन्ही हात पसरले, जणू एवढ्या उंचीवरून पडणारं लेकरू त्यात मावणार होतं. अंधारात काही हललं की ती हात तिकडे सरकवायची. पाहुणेही माना वर करून उभे.

पडद्यामागे यंत्रवाल्या मामांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तालमीची वेळ झाली होती. त्यांनी रोजच्यासारखी कळ दाबली. कुठूनतरी घरघर सुरू झाली.

"आई, छप्पर खाली येतंय!" घुमट रडू लागला.

दोघं-तिघं पाहुणे दाराकडे पळाले. ती मात्र जागच्या जागी थिजली. घुमट कुठे हलत होता? या इमारतीत खाली येणारं छप्पर एकच.

तिनं पायांपुढे खाली पाहिलं. खड्ड्यावरचं झाकण सावकाश बुडत होतं.

"मामा! थांबवा! पोर खाली आहे!"

घरघर थांबली. वादक खड्ड्यात उतरतात त्या बुटक्या दारातून ती पोटावर सरपटत आत शिरली. झाकण आणि जमीन यांच्यामध्ये मुंगी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. केसांना फळीची धूळ लागलेली. मुठीत अर्धं बिस्किट.

"मी इथं होते," हुंदके देत ती रुसून म्हणाली, "आणि तू वर कुणाशी बोलत होतीस?"

आईनं लेकीच्या धुळकट केसांत तोंड खुपसलं आणि इतका वेळ दाबलेला हुंदका अगदी हळू सोडला.

तो हुंदका घुमटातून सगळीकडे उतरला. मघाशी हसलेले लोक आता हसले नाहीत. वरच्या फळीवर पोहोचलेला दिवेवाला दोरी घट्ट धरून मटकन खाली बसला.