दोनदा वाचलेली धमनी

आमच्या कार्यालयात माणसं येत नाहीत, त्यांच्या धमन्या येतात. त्याही आतून. हृदयाच्या धमनीत बारीक तार घालतात, तारेवरून नळी सरकवतात आणि नळीच्या टोकाचा दिवा गरगर फिरत मागे येताना तीन सेकंदांत पाचशे चित्रं काढतो. ते तीन सेकंद निस्तरायला मला अख्खा दिवस लागतो. प्रत्येक चित्र म्हणजे धमनीचा एक गोल काप. भिंतीत चरबी साचली आहे का, आणि साचली असेल तर तिच्यावरचं झाकण किती जाड आहे, हे मी मोजतो. झाकण पासष्ट मायक्रॉनच्या वर असेल तर गोळ्या, खाली असेल तर धावपळ, कारण ते केव्हाही फाटू शकतं. पासष्ट मायक्रॉन म्हणजे एका बारीक केसाची जाडी. मला टक्कल आहे, त्यामुळे हे उदाहरण उसनं घ्यावं लागतं.

रुग्णाचं नाव आम्हाला कळत नाही. फक्त क्रमांक. नावांची यादी एका कपाटात असते आणि कपाट सांभाळणाऱ्यांना सगळे किल्लीकाका म्हणतात.

दर चार महिन्यांनी आमची परीक्षा होते. आधी वाचलेल्या काही फाइली नवे क्रमांक लावून रोजच्या कामात गुपचूप मिसळतात. तेव्हा लिहिलेलं माप आज पुन्हा येतं का, हे बघतात. माणसाचं स्वतःशी पटतं का याची इतकी कसून चौकशी लग्न ठरवतानाही कुणी करत नाही. माझं स्वतःशी शंभरात सत्त्याण्णव वेळा पटतं, विभागात सर्वांत जास्त. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुमचं तुमच्याशीच पटणार हो. दुसऱ्या कुणाशी पटलंय आजवर?"

मंगळवारी अकराच्या सुमारास एक फाइल उघडली. या धमनीला मी भेटलो होतो. दोनशे चौदाव्या चित्रात डावीकडे एक फाटा, खाली चुन्याची कोर, आणि दोन्ही मिळून हसणाऱ्या तोंडासारखा आकार. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. सख्ख्या साडूला मी एकदा "आपण कोणाकडचे?" असं विचारलं आहे. पण हे तोंड लक्षात होतं. तेव्हा मी लिहिलं होतं: झाकण एकशे दहा, काळजीचं कारण नाही.

ओळख पटली की फाइल बंद करून कळवायची, असा नियम आहे. मी बंद केली नाही. मागे मागे जात दोनशे नवव्या चित्राशी थांबलो.

ती तार प्रकाश अडवते, त्यामुळे प्रत्येक चित्रात सावलीची एक काळी फाक असते. फाकेत काय दडलंय ते मोजायचं नसतं. आळशी माणसाला हा नियम देवासारखा पावतो. मागच्या वेळी मी ही फाक जरा ऐसपैस धरली असणार. आज बघतो तर फाकेच्या अगदी कडेला, चांगल्या उजेडात, चरबीवर झाकण होतं. मोजलं. बेचाळीस. पुन्हा मोजलं. एकेचाळीस. तिसऱ्यांदा मोजलं. पुन्हा बेचाळीस.

दुपारभर मला तेच दिसत राहिलं. कपाखालचा ओला गोल, चिकटपट्टीची गुंडाळी, हात धुवायच्या बेसिनचं भोक. प्रत्येकात एक काळी फाक. काचेच्या दाराबाहेरून कुणी गेलं की वाटायचं, हाच तो. चार महिने हा माणूस माझ्या शब्दावर चालतोय. किंवा चालत नाहीये.

शेवटी मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडम विभागप्रमुख आहेत.

"मॅडम, परीक्षेतली एक फाइल मी ओळखली."

"मग ती बाद. त्यात काय एवढं?"

"मागचं माप चुकलंय. माझं."

मॅडमनी उठून दार लावलं. "अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला? एक माप चुकलं म्हटलं की तुमची चारशे मापं पुन्हा उघडावी लागतील. मग तुम्हाला इथं कोण ठेवेल?"

"तो माणूस फिरतोय, मॅडम."

"कशावरून?"

दोनशे नववं चित्र मी छापून आणलं होतं, ते त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा बघितलं आणि कपाट उघडायच्या परवानगीच्या चिठ्ठीवर सही केली.

किल्लीकाकांनी कपाट उघडून रुग्णालयाला कळवलं. तासाभरानं तिकडून निरोप आला: गृहस्थ जिवंत आहेत, ठणठणीत आहेत आणि यायला तयार नाहीत. ज्यानं चूक केली त्याच्याशीच बोलेन म्हणतात. काकांनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "घ्या, तुमचा पाहुणा."

"तुम्हीच का ते, जाड म्हणणारे?" पलीकडून आवाज आला.

"हो."

"आणि आता बारीक म्हणणारे?"

"तोही मीच."

"मग आधी आपसात ठरवा ना!" ते हसले आणि हसताना थांबले. "तुमचा रिपोर्ट दाखवला, तेव्हा कुठे मुलीनं मोकळं सोडलं मला. रोज चार मैल चालतो. लिफ्टला हात लावत नाही. आत्तासुद्धा जिना चढतोय, दोन्ही हातांत पिशव्या, फोन मानेत."

ऐकू येत होतं. पायरी, श्वास, पायरी, मग दोन श्वास.

"बसा," मी म्हणालो.

"कुठं?"

"आहात तिथं. पायरीवर."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. पिशव्या खाली ठेवा."

वैद्यकशास्त्रात याला काही आधार नव्हता. चार महिने चढलेला माणूस आणखी दहा पायऱ्या चढलाही असता. पण पिशव्या टेकल्याचा आवाज आला, मग एक कण्हणं.

"बसलो. आता?"

"मुलीचा नंबर सांगा. आम्ही इथून लावतो. तुम्ही फोन ठेवू नका."

ते एकेक आकडा सांगत गेले. किल्लीकाका नियम मोडून तळहातावर लिहून घेत होते.

"ती विचारेल, झालं काय? काय सांगू?"

"सांगा, ज्यानं बघायचं होतं त्यानं नीट बघितलं नाही."

मग जिन्यावरून कुणाचीतरी पावलं उतरत आली, थांबली. बाईचा आवाज होता. "काय हो काका, असे मध्येच बसलात? बरं वाटत नाही का?"

"वाटत होतं," ते म्हणाले. "चार महिने."