चोवीसपट कमी चमक

गुरुग्रामच्या मॉडेल क्लबातल्या पुरुषांना हेमलता घरी ‘खोकेसम्राट’ म्हणायची. जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या चिमुकल्या प्रतिकृतींचे किट परदेशातून मागवायचे, खोकी कपाटात रचायची, वर्षाच्या प्रदर्शनापुरती एखादी गाडी जोडायची आणि महिन्यातून एकदा जमून कुणाकडे किती न उघडलेली खोकी आहेत याच्या गप्पा मारायच्या, हा त्यांचा छंद. एकाकडे जपानी स्प्रे-गन होती आणि तिला स्वतंत्र एसीची खोली होती. तिच्यातून आजवर बाहेर काय आलं होतं, तर हवा.

हेमलताचे यजमान गुणवंत, केंद्र सरकारात अवर सचिव, हे या सम्राटांचे मांडलिक. सहा वर्षांपूर्वी त्यांनी पहिलं किट आणलं, दोन चाकं गाडीला आणि एक स्वतःच्या बोटाला चिकटवलं आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. केर काढताना हेमलतानं ते ओढलं. तेव्हापासून गाड्या तीच बांधत होती. शिकवायला कुणी नव्हतं. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ओल्या रंगावर धूळ बसायला पाच मिनिटं पुरतात, म्हणून ती बाथरूममध्ये रंगवायची. आधी कढत पाणी सोडून वाफ करायची, धूळ खाली बसली की दार लावून स्टुलावर बसायची. रंगाचा एक हात दिला की गाडीवर स्टीलचा डबा पालथा, आणि दोन दिवस कुणी हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी क्लबाच्या प्रदर्शनात तिची गाडी दुसरी आली. कार्डावर नाव गुणवंतांचं.

“अगं, घरातलं एकच की. तुझं-माझं काय त्यात?”

“मग दारावरच्या पाटीवर माझं नाव लावू या ना,” ती म्हणाली होती. त्यावर त्यांना अचानक ऑफिसचा फोन आला.

यंदा तिनं फॉर्म स्वतः भरला. गाडी : जॅग्वार डी-टाइप, पन्नासच्या दशकातली, ड्रायव्हरच्या डोक्यामागे माशासारखा उभा पर असलेली. हिरव्यात काळ्याचा थेंब, पिवळ्याचा ठिपका, असं सात वेळा मिसळून तो गडद रंग तिनं साधला होता. बांधणाऱ्याचं नाव : हेमलता. पाच महिने चिमटीत नखाएवढे भाग धरून जोडलेल्या गाडीवर पहिल्यांदाच तिचं नाव लागणार होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी ती भाजी घेऊन परतली, तर डबा पालथा नव्हता, सुलटा होता. शेजारी गुणवंत. हातात स्कूटरच्या दुकानातून आणलेला, चमक चढवणाऱ्या क्लिअर लॅकरचा स्प्रे.

“चमक कमी वाटत होती गं. बाकीच्यांच्या गाड्या कशा एकदम आरसा! म्हटलं, तुझी मागे पडायला नको.”

बॉनेटवरचा रंग आकसून वर उठला होता.

त्यांची कॉलेजातली मुलगी सृष्टी डोकावली. “आई, ते दूधपे जमतं ना, वैसा झालंय बिल्कुल.”

“साय म्हणतात त्याला,” हेमलता म्हणाली. “आणि याला तुझे बाबा म्हणतात.”

इनॅमल रंगावर लॅकर मारत नाहीत, खालचा रंग उकलतो. स्प्रेच्या पाठीवर तसं छापलेलंच होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिपणांतले स्वल्पविराम पकडणाऱ्या माणसानं ती एक ओळ वाचली नव्हती. आणि चमक कसली! गाडी चोवीसपट लहान, तर चमकही चोवीसपट कमी हवी, नाहीतर ती जत्रेतलं खेळणं दिसते. पण हे सांगायला समोर डोकं हवं. नवा रंग या थंडीत एका दिवसात वाळणार नव्हता.

“राहू दे मग. पुढच्या वर्षी बघू,” गुणवंत हळूच म्हणाले.

“नेणार,” ती म्हणाली.

रविवारी क्लबहाउसच्या हॉलमध्ये बाकीच्यांचे आरसे मांडलेले होतेच. क्लबाचा सेक्रेटरी यतीन, साठ खोक्यांचा धनी, कार्डांचा गठ्ठा घेऊन तिच्या टेबलापाशी वाकला. “भाभीजी, ये पेंट...?”

“वेदरिंग है,” गुणवंत घाईनं मध्ये पडले. “चौबीस घंटे की रेस के बाद गाडी ऐसी ही होती है. इंटेंशनल.”

“अरे वाह!” यतीनचे डोळे मोठे झाले. आणखी तिघं गोळा झाले. एकजण बॉनेटला नाक लावून म्हणाला, “क्या टेक्स्चर है यार, कमाल!” यतीननं चौकशी केली, “भाभीजी, टेक्निक बताइए ना. फर्स्ट प्राइज तो ये ले जाएगी.”

हेमलतानं पाहिलं. पाच महिन्यांत जे जमलं त्याच्याकडे, त्या रेषेसारख्या दारांकडे, स्टिअरिंगच्या तारांकडे, एकाचंही लक्ष नव्हतं. सगळे सायीवर भाळले होते. गप्प बसलं तर पहिलं बक्षीस, कार्डावर तिचं नाव, फक्त नवऱ्याच्या गाढवपणाखाली. गुणवंत तिच्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होते, आणि कपाळाला घाम. एवढ्या थंडीत. तिला क्षणभर दया आली. पण क्षणभरच.

“टेक्निक कुछ नहीं. इनॅमल पे लॅकर मार दिया, खराब हो गया. बाकी गाडी देखिए.”

नाकवाला मागे सरकला.

यतीननं खाकरून कार्ड पुढे ओढलं. “तो... नाम?”

“हेमलता.”

“और फिनिश?”

“वो इनका लिखिए. पदनाम के साथ.”

यतीननं खरंच लिहिलं. गुणवंत कानापर्यंत लाल. तरी सवयीनं त्यांनी मान वाकवून कार्ड वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि ‘फिनिश’वर काट मारली.

“फिनिश नहीं,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “सिर्फ ऊपर का कोट. बाकी सब इनका है. रंग भी.”

लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत या माणसानं पहिल्यांदाच एक मसुदा बरोबर दुरुस्त केला, असं हेमलताला वाटलं. बोलली मात्र नाही. लगेच चढून बसले असते.