मालनबाईची फळी बर्फावर जाते

मित्रांनो, हिमालयाच्या छातीवर मराठवाड्याचं नाव कोरणारी वीरांगना ती मीच! कोरलं म्हणजे, बर्फावर दोन रेघा ओढल्या. संध्याकाळी पुन्हा बर्फ पडला आणि त्या बुजल्या. पण ओढल्या होत्या, हे खरं.

मी एक जुनी फळी आहे. खरं तर दोन आहे. पण मूळची एकच असल्यामुळं बोलताना एकीच्याच नावानं बोलते.

माझा जन्म मराठवाड्यात, ईट नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यात, धोंडीबा सुतारांच्या अंगणात झाला. बहात्तरच्या दुष्काळात बांधावरची एक बाभूळ वाळली, तिच्यातून त्यांनी मला काढलं. माझं काम साधं होतं. नांगरटीनंतर मला बैलांच्या मागं बांधायचं, वर माणसानं उभं राहायचं आणि ढेकळं फोडत रान सपाट करायचं. माझी मालकीण मालनबाई. तिचा नवरा पिराजी पलटणीत, पार हिमाचलात. घरी दुसरा गडी नव्हता, म्हणून मालनबाईच कासोटा आवळून माझ्यावर उभी राही. बाई फळीवर चढते म्हणून गावानं आधी नावं ठेवली, मग कंटाळून ती ठेवायचंही सोडून दिलं. तिचा तोल असा की बैल उधळले तरी डोक्यावरचा पदर ढळत नसे.

पिराजी सुट्टीवर आला की बर्फाच्या गोष्टी सांगायचा. तिकडं पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधतात आणि बर्फानं भरलेल्या खोऱ्यातून घसरत घसरत कोसच्या कोस चालत जातात, याला स्कीइंग म्हणतात, असं तो सांगे. गाव हसायचं. मालनबाई हसत नसे. पिराजी पेन्शनीत येऊन घरी बसला, तेव्हा ती त्याला म्हणाली, “वीस वर्सं ज्या पांढऱ्या सवतीनं तुमाला ठिवून घेतलं, तिचं तोंड मला एकदा बघायचंय. तिच्या अंगावरनं चालून यायचंय.”

पिराजी कबूल झाला. त्याचा पलटणीतला दोस्त ठाकूर त्याच खोऱ्यात राहत होता आणि केव्हापासून बोलावत होता. नवरा-बायकोनं चुलीपुढं बसून बेत आखला. माघात निघायचं, कुर्डुवाडीला रेल्वे धरायची, सोबत भाकरी, शेंगाची चटणी आणि दोन घोंगड्या. त्या वर्षी पुन्हा दुष्काळ होता. पेरलेलं उगवलंच नव्हतं, त्यामुळं रानातून सवड काढायची अडचण नव्हती. दुष्काळाचे फायदे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगितला.

पिराजीसाठी पट्ट्या ठाकूरकडं होत्या. मालनबाईसाठी धोंडीबांनी मला उभी चिरली. तासून पातळ केली. पुढची टोकं वर वळवायची, तर लाकूड उकळलं पाहिजे आणि गावात प्यायलाच पाणी नाही. शेवटी गुऱ्हाळावरची काहील धुतलेल्या पाण्यात मला उकळलं. टोकं झकास वळली. मात्र तेव्हापासून मी जाईन तिथं मुंग्या येऊ लागल्या. पाय अडकवायला बैलाच्या जुन्या माळेचे चामडी पट्टे ठोकले. त्यातल्या एकाला एक घुंगरू तसंच राहिलं.

इथं सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण तो काळ सहकाराचा होता. आमच्या गावात दोन माणसं एकत्र शिंकली, तर तिसरा चेअरमन व्हायचा. मालनबाईच्या बेताची बातमी सोसायटीचे चेअरमन तात्याराव यांना लागली आणि त्यांनी सभा बोलावली. आपण एवढे बांध घालतो तरी पाणी थांबत नाही. तिकडं बांधाशिवाय, तेही उतारावर, पाणी चार-चार महिने जागेवर उभं राहतं. हे कसं, याचा अभ्यास झालाच पाहिजे, असं त्यांनी मांडलं. “थांबलेल्या पाण्याचा अभ्यास दौरा” एकमतानं मंजूर झाला. ठाकूरच्या घरात जागा तिघांपुरती. एक पिराजी, वाट दाखवायला. दुसरे तात्याराव. तिसरे विरुद्ध गटाचे पुढारी, किराणा दुकानदार विरुपाक्षआप्पा, म्हणजे अन्याय कुणावरच नको. बाईमाणसाला थंडी बाधते म्हणून मालनबाईचं नाव गळालं. पिराजी पलटणीत हुकूम पाळायला शिकलेला. तो मान खाली घालून घरी आला.  मालनबाईनं मला करडईचं तेल चोळलं आणि कोपऱ्यात उभं केलं.

दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांनी मला सरावाला नेलं. बर्फ नव्हता, म्हणून खळ्यावर करडईचं भुसकट पसरलं. तात्याराव माझ्यावर चढले आणि पडले. उठून म्हणाले, मुद्दाम जवळून पाहणी केली. त्या दिवशी त्यांनी बऱ्याच ठिकाणी पाहणी केली. मग विरुपाक्षआप्पांनीही केली. करडईचे काटे कुठं कुठं जातात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. तरी दोघं मागं हटेनात. एक जातो म्हटल्यावर दुसऱ्याला जाणं भागच होतं.

हे मालनबाईनं नीट पाहिलं होतं. सोसायटीची निवडणूक फाल्गुनात होती, हेही तिला माहीत होतं. ती आधी तात्यारावांकडं गेली.

“चेअरमनसाब, तुमी बिनघोर जावा,” ती म्हणाली. “मागं गावाकडं बघायला विरुपाक्षआप्पा हायतच की.”

“आप्पा? ते तर संगं येणार हायत.”

“व्हय? मी ऐकलं, त्यांचं गुडघं दुखतंय. ऐनवेळी ऱ्हातील म्हणत होती मानसं.”

मानसं म्हणजे ती स्वतः. पण हे तिनं सांगितलं नाही. तिथून ती दुकानात गेली. तात्यारावांना ऐनवेळी ताप येणार असल्याचं आप्पांना कळवलं आणि आठ आण्यांची हळद घेऊन घरी आली.

संध्याकाळी आप्पा गुडघ्याला फडकं बांधून आमच्या दारात आले. दौऱ्याला आपण मुकणार, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. थोड्या वेळानं कानाला मफलर गुंडाळून तात्याराव आले. त्यांनाही फार वाईट वाटत होतं. दोघं एकमेकांची तब्येत विचारत दारातच उभे राहिले आणि दोघांपैकी एकही आधी निघेना.

“मग आता?” पिराजीनं विचारलं.

“पलटण कमी पडली तर राखीव काढत्यात ना?” मालनबाई म्हणाली. “काढा मला.”

पहाटे तिनं घरातल्या बुद्धाच्या तसबिरीपुढं हात जोडले आणि मला खांद्यावर घेतलं. एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, “हे औत कुठं चाललं, बाई?” “बर्फ नांगरायला,” ती म्हणाली. त्यानं मला मुकाट्यानं टपावर जाऊ दिलं.

आणि मित्रांनो, ते खोरं! दोन्ही बाजूंना देवदार आणि मधे एवढं पांढरं, एवढं सपाट, की फळी म्हणून मला लाजच वाटली. माझ्या आधी कुणीतरी काम उरकून गेलं होतं. मालनबाईनं पिराजीचा जुना ओव्हरकोट नऊवारीवर चढवला, माझ्यात पाय अडकवले, हातात बांबू घेतले आणि गुडघे किंचित वाकवले, अगदी बैलांमागं वाकवायची तसे. फक्त पुढं बैल नव्हते. एक पाऊल सरकलं. मग दुसरं. घुंगरू वाजलं. मग ती थांबलीच नाही. मागून पिराजी “हळू, हळू” करत राहिला, ठाकूर टाळ्या वाजवत राहिला. खोऱ्याच्या पार पलीकडं देवदारांखाली पोचल्यावर तिनं मागं वळून आमच्या दोन सरळ रेघा पाहिल्या. पदर डोक्यावर होता. तिनं मूठभर बर्फ उचलला, तोंडात घातला आणि त्या पांढऱ्या सवतीला विचारलं, “एवढीच व्हय गं तू?”

पिराजी धापा टाकत पोचला, तेव्हा ती चहूकडं बघत होती.

“पाणीच हाय की सगळं,” ती म्हणाली. “आन एकीच्याबी डोक्यावर हंडा न्हाय.”

परत आलो तेव्हा हलगी लावून गावानं आमची मिरवणूक काढली. फाल्गुनात दोन्ही गटांनी आमच्या प्रवासाचं श्रेय घेतलं आणि दोन्ही गटांना मतं पडली. पुढं पाऊस झाला, ट्रॅक्टर आले, रान सपाट करायला फळी लागेना. मालनबाई आहे तोवर मला दर पाडव्याला तेल मिळतं. एरवी मी गोठ्याच्या भिंतीला टेकून असते.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांच्या अंगावर केवढा पराक्रम असेल, वरून कळत नाही. त्यांचा इतिहास विचारा, त्यांना मान द्या. आणि ते सगळं नसेल जमत, तर निदान माझ्या डाव्या टोकावर ही खुडूक कोंबडी बसली आहे, तिला जरा उठवा.