सुईला न सांगितलेला पाव

बेकरीवाल्याने पावात सुरी घातली आणि श्वास रोखून आत पाहिलं. जाळी पडली होती! आधीचे तीन पाव विटेसारखे निघाले होते आणि जिवावर येऊन टाकवले नाहीत म्हणून त्याने एकट्यानेच गिळले होते.

त्याच्या आठ वर्षांच्या ठकीला मधुमेह निघाला, तेव्हा डॉक्टरांनी जेवणातली कर्बोदकं कमी करायला सांगितली. अख्ख्या गल्लीला पाव पुरवणाऱ्याच्या लेकीच्या ताटात तेव्हापासून अर्धीच स्लाइस पडे. ती बोटाने चुरा टिपून खायची आणि ते बघून बापाने हा नवा पाव करायला घेतला होता.

"आज हिला दोन दे," तो बायकोला म्हणाला.

"दोन? बघा हं."

घरात वाटणी ठरलेली होती: पीठ त्याचं, सुई तिची. तिने नेहमीच्या पावाचा हिशेब धरून इन्सुलिन दिलं. याचं लक्ष मात्र ठकीच्या तोंडाकडे.

"बाबा, एक नंबर!"

गडी हवेत तरंगायला लागला.

तासाभराने ठकी खेळ सोडून आत आली. "आई, माझे हात थरथरतायत."

आईने बोटाला टोचून पाहिलं. साखर पार खाली गेली होती. तिने लगेच फळांचा गोड रस पाजला, मांडीवर घेतलं, थोड्या वेळाने पुन्हा तपासलं. आकडा वर सरकला आणि पोरीच्या गालांवर रंग आला. मग आईचेच डोळे भरले.

"मोजून दिलं होतं हो मी. कुठे चुकले?"

गप्प बसणं सोपं होतं. त्याने एप्रनला हात पुसले, कोरडेच होते तरी.

"तू नाही चुकलीस. त्या पावात मैदा नव्हताच. बदामाचं पीठ आणि अंडी."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"चाखायच्या आधी सांगायचं नसतं. आमच्या धंद्यात..."

"अहो, ती लेक आहे तुमची, गिऱ्हाईक नाही!"

ठकीने ग्लासचा तळ चाटला आणि विचारलं, "म्हणजे बाबाच्या पावाने साखर वाढलीच नाही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रागवायचं होतं, पण बायकोला हसूच फुटलं. तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोघांनाही फैलावर घेतलं आणि मग नव्या पावाचा हिशेब बसवून दिला.

दुसऱ्या दिवशी ठकी ताट वाजवत बसली होती. सख्ख्या भावालाही कधी कृती न सांगणारा बेकरीवाला बायकोच्या कानाशी वाकला आणि एकेक जिन्नस वजनासकट सांगू लागला. तिने ऐकून घेतलं, हिशेब केला, सुई भरली.

"आणि रोजच्या पावात काय घालता, एवढा मऊ होतो तो?"

"त्याचा सुईशी काय संबंध?"

"काही नाही. लग्नापासून विचारतेय, एवढंच."

त्याने दाराकडे एकदा पाहिलं, ते लोटून घेतलं आणि तेही सांगितलं.