मधलं नाव चुकलं असणार

रविवारची प्रार्थना संपली तरी हेझल फोर्कच्या चर्चसमोरून कोणी हलायला तयार नव्हते. क्लोव्हिस नेपियर एका ओंडक्यावर चढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सगळ्यांना पोटरी दाखवत होता. गुरुवारी झाड तोडताना कुऱ्हाड निसटली होती. आता तिथे खपली धरली होती.

"भळाभळा वाहत होतं!" तो सांगत होता. "पण काकांना माझं नाव पोचलं आणि बूच मारावं तसं थांबलं. दुपारी चार वाजता!"

काका म्हणजे लिअँडर स्टेसी, आमच्या खोऱ्यातले रक्त थांबवणारे. त्यांना बायबलमधले एक वचन येते. जखमीला बघायचीही गरज नाही. त्याचे पूर्ण नाव कागदावर लिहून धाडायचे, काका ते वचनात घालून पुटपुटणार, की पाच मैलांवरचे रक्त थांबलेच म्हणून समजा.

काकांनी डोळे मिटले. "चार वाजता. बरोबर. मी शेंगा सोलत होतो. क्लोव्हिस टॉलबर्ट नेपियर! म्हटलं मात्र, माझे हात बर्फासारखे गार पडले. पण एक ध्यानात ठेवा मंडळी, नाव पूर्ण हवं. मधलं नाव चुकलं तर देवानं कुठल्या नेपियरचं रक्त थांबवायचं? या खोऱ्यात नेपियर काय कमी आहेत?"

लोक हसले. क्लोव्हिसची बायको अ‍ॅलाफेअर सातव्या महिन्याचे पोट सावरत पुढे आली आणि खारवलेली डुकराची मांडी तिने काकांच्या हातात दिली. "देव तुम्हाला शंभर वर्षं ठेवो, काका."

मी मागे उभा राहून ऐकत होतो. मी या खोऱ्याचा पोस्टमन. गुरुवारी नावाचा कागद अ‍ॅलाफेअरने माझ्याच हातात दिला होता. पण ओढ्याला पूर आला, जीप पलीकडे जाईना, मी रात्र अलीकडच्या गिरणीत काढली. शुक्रवारी गेलो तर काका घरी नव्हते. तो कागद काकांपर्यंत पोचलाच नाही. त्यांना क्लोव्हिसच्या जखमेचे कळले ते रविवारी सकाळी, खुद्द क्लोव्हिसच्या तोंडून.

मी गप्प बसलो. काका माझ्या बायकोचे सख्खे काका. उगाच घरात कटकट कशाला, असा शहाणपणाचा विचार मी केला.

पुढच्या शनिवारी शहरातल्या इस्पितळाची नर्स, मिस ऑडा, शाळेत येऊन बसली. इस्पितळात रक्ताच्या बाटल्या ठेवायला फ्रीज आला होता, पण त्या भरायच्या कुणी? तिला फक्त बोट टोचून रक्तगट पाहायचा होता आणि नाव लिहून घ्यायचे होते, म्हणजे वेळ आली की त्या माणसाला बोलावता येईल.

माणसे जमली तसे काका दारातच खुर्ची टाकून बसले. "घ्या, खुशाल टोचून घ्या! पण पोरांनो, उद्या क्लोव्हिसच्या अंगात शेजारच्या डेल्बर्टचं रक्त घातलं, तर मी वचन कुणाच्या नावानं म्हणू? अर्ध्या क्लोव्हिसच्या?"

"दोघांच्या नावानं म्हणा की," मिस ऑडा म्हणाली. "तुमच्या वचनाला काय पेट्रोल लागतं?"

कोणी हसले नाही. एकेक जण टोपी डोक्यावर ठेवून निघून गेला. सगळे गेल्यावर मी मागच्या दाराने आत शिरलो आणि बोट पुढे केले. ओ गट निघाला.

"हे बहुतेक कुणालाही चालतं," ती म्हणाली. "पण तुम्ही एकटे किती जणांना पुरणार?"

नोव्हेंबरात अ‍ॅलाफेअरला मुलगी झाली आणि रक्त थांबेना. मी टपाल घेऊन दाराशी पोचलो तेव्हा सुईण ओरडत होती, "हिला शहरात न्या! आत्ताच्या आत्ता!"

क्लोव्हिसने माझ्या हातात कागद कोंबला. "हर्शेल, आधी काकांकडे जा. तासाभरात येशील. माझं थांबलं, मग हिचं का नाही थांबणार?"

'तुझा निरोप पोचलाच नव्हता.' चार शब्द बोलायचे होते. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत. मी जीप काकांच्या घराकडे वळवली.

काका पुटपुटले. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जा. थांबलं."

परत आलो तेव्हा गादी भिजून रक्त जमिनीवर ठिबकत होते. मग कुठे तिला जीपमध्ये घातले आणि डोंगरातला वीस मैलांचा रस्ता धरला. फ्रीजमध्ये तिला चालेल अशी एकच बाटली होती. ती संपली. मिस ऑडाने माझ्या दंडाला रबरी नळी आवळली, माझ्या रक्ताची बाटली भरली, तपासली आणि तिला लावली. बाटली अर्धीही रिकामी झाली नसेल. डॉक्टरांनी सुई काढून घेतली.

अ‍ॅलाफेअरला पुरताना काका टोपी छातीशी धरून उभे होते. "कागदावर अ‍ॅलाफेअर मे लिहिलं होतं," ते हळहळले. "मधलं नाव चुकलं असणार."

"नाव मी ठेवलंय," अ‍ॅलाफेअरची आई म्हणाली. "मेच आहे."

तेव्हा मला तोंड फुटले. "काका, क्लोव्हिसचं नाव तर तुम्हाला मिळालंच नव्हतं. मी पुरात अलीकडेच अडकलो होतो. तरी तुमचे हात गार पडले, आणि मांडीही तुम्ही घेतलीत."

"हा खोटं बोलतोय!" काका ओरडले.

मी क्लोव्हिसकडे वळलो. "त्या गुरुवारी तुम्ही काय केलंत?"

"काका नेहमी सांगतात तेच. निरोप्या परत येईपर्यंत स्वच्छ फडकं दोन्ही हातांनी दाबून धरायचं. उचलून बघायचं नाही. तू परत आला नाहीस, आम्हाला वाटलं पलीकडे अडकलास. अ‍ॅलाफेअर तासभर दाबून बसली होती."

"मग तुझं रक्त तिनं थांबवलं, क्लोव्हिस. जखम दाबून धरली की बहुतेक वेळा रक्त थांबतं, त्याला वचन लागत नाही. तिचं आतून वाहत होतं. तिथं कुणाचा हात पोचणार होता? तिला डॉक्टर हवा होता, बाटल्या हव्या होत्या, आणि लवकर हव्या होत्या."

काका टोपी घालून चालते झाले. क्लोव्हिस माझ्याकडे वळला.

"तुला हे तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

त्याने मला मारले असते तर बरे झाले असते. त्याने फावडे उचलले आणि तो माती लोटू लागला.

आता मिस ऑडाच्या यादीत तेवीस नावे आहेत. काकांकडे अजूनही कागद जातात, फक्त माझ्या हातून जात नाहीत. वचन म्हणायचे असेल त्याने म्हणावे, पण इस्पितळाच्या वाटेवर, गाडीत बसून म्हणावे. जखम दाबून धरा. बोट टोचून घ्या, नाव लिहा, बाटली भरा. माणसाचे रक्त माणसानेच द्यावे लागते, ते दुसरीकडून कुठूनही येत नाही. आणि ज्याला खरे ठाऊक आहे त्याने ते घरच्यांच्या भिडेपोटी गिळू नये. मी बोललो, पण तोवर अ‍ॅलाफेअरला खड्ड्यात उतरवून झाले होते.