कोरडं पीठ

अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. "बाळाला खाणाऱ्या तोंडात पीठ भिजत नाही," गावात बोलावलेला मांत्रिक बाबा घोगऱ्या आवाजात बजावत होता. बाळ पाळण्यातच गेलं होतं, आणि त्याला शेवटचं घेतलं होतं थोरल्या जावेनं. आता घरातल्या प्रत्येकानं चिमूटभर कोरडं पीठ चघळून थुंकायचं होतं.

सगळ्यांचे ओले लगदे पडले. थोरलीच्या तोंडातून नुसती पूड उडाली.

"बाळ गेलं तेव्हाही हिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता," कोणीतरी पुटपुटलं. बाळाच्या आईनं, धाकट्या जावेनं, तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून थोरलीला स्वतःचीच भीती वाटू लागली. ती घरी बसून शर्टांची काजं करायची. दोऱ्याचं टोक ओलं करायला शेजारी पाण्याची वाटी असायची. पंख्याच्या वाऱ्यानं रिकामा पाळणा कुरकुरला की तिची सुई थांबे. तिला मूल नव्हतं. धाकटीचा एकदा हेवा वाटला होता. तेवढ्यानं जीव जातो?

दात भराभर किडू लागले म्हणून ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंचा छोटा आरसा तिच्या गालाला आतून चिकटून बसला.

"डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं?"

"खुपतं. तुम्हाला कसं कळलं?"

तपासण्या झाल्या, आणि थोरलीनं त्यांना पिठाचं सगळं सांगितलं. बाबा घर 'शांत' करायला आला, त्या दिवशी बाईही आल्या.

"रोगाशी लढणारी शरीराची फौज हिच्या लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटली आहे," त्या म्हणाल्या. "थुंकी आणि पाणी यायचं कुठून? आणि भीतीनं तर धडधाकट माणसाचंही तोंड सुकतं. बाबांचा सगळा धंदा त्यावरच. बाबा, हे पीठ घ्या, आता तुम्ही चघळा."

सगळे बघत होते. देवाचा कोप होईल म्हणत बाबानं चिमूट तोंडात टाकली, आणि खोकत पांढरी पूड उडवली.

"मग माझं बाळ कशानं गेलं?" धाकटीनं विचारलं.

"ते मला ठाऊक नाही. पण पिठालाही ठाऊक नव्हतं."

धाकटीची नजर थोरलीच्या पाण्याच्या वाटीवर गेली. "मी या घरात आले तेव्हाही ही वाटी होती," ती हळूच म्हणाली. "जाऊबाई, दोरा तुम्ही कधी जिभेनं ओला केलाच नाहीत. मी रोज बघत होते."

बाईंनी दिलेले थेंब तिनंच थोरलीच्या डोळ्यांत घातले. ते गालावर ओघळले, आणि दोघी पाळण्याजवळ बसून राहिल्या.

उद्या तुमच्या हातावर कोणी असं पीठ ठेवलं, तर चघळू नका. तोंड कोरडं का पडतं, ते आधी विचारा.